म्यानातली थोरली

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, पण कोणाच्या तोंडून, हे आता खात्रीने सांगता येत नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं असं मला वाटतं. कधी वाटतं, नदीकाठी होतं. मधले काही शब्द माझेच असण्याची शक्यता आहे. मुलांना सांगताना मी अडखळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मात्र गोष्टीतली बाई, तिचा नवरा आणि देवळातली शस्त्रं यांच्याबाबत मी आजवर कधी चुकलो नाही, म्हणून तेवढ्या भरवशावर सांगतो.

फार फार वर्षांपूर्वी एका गावात घोंगड्या विणणारं एक जोडपं राहत होतं. नवऱ्याचं नाव बिरू, बायकोचं सगुणा. घर ठेंगणं, दार त्याहून ठेंगणं. आत एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला चूल. बिरू विणायचा, सगुणा लोकर धुवायची, सूत काढायची आणि विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायची.

त्या गावात एक रीत होती. मळणी होऊन खळी उरकली की प्रत्येक घराने आपली सर्वांत टपोरी ज्वारी बियाण्यासाठी बाजूला काढायची आणि ते सगळं बियाणं एकाच घरात ठेवायचं. आपलं बियाणं आपल्या घरात असलं तर वाईट महिन्यात माणूस तेही दळून खातो. दुसऱ्याच्या घरात असलेलं खाता येत नाही. म्हणून दर वर्षी देवीला कौल लावायचे, आणि कौल ज्या घराला लागेल तिथल्या कणग्यांत सगळ्या गावाचं बियाणं पेरणीपर्यंत राहायचं.

डोंगरापलीकडे लुटारूंच्या टोळ्या होत्या. त्यामुळे बियाणं सांभाळणाऱ्या घराला देवीच्या देवळातलं एक शस्त्र मिळायचं. देवळात शस्त्रं बरीच होती, पण मान एकीचाच. रुंद पात्याची, लाल चामड्याच्या म्यानातली, चांदीच्या मुठीची एक तलवार. तिला सगळे थोरली म्हणत. ज्याची पाळी येई तो थोरलीच नेई. दाराजवळच्या खुंटीला टांगली की घराला शोभा येई.

या शस्त्रांचा एक नियम होता, आणि गावातलं शेंबडं पोरही तो जाणत होतं. देवीच्या पात्याने उजेड पाहिला की त्याला रक्त लागलं पाहिजे. कोरडं पातं परत म्यानात गेलं तर देवी कोपते. त्यामुळे शस्त्र कोणी कधी उघडत नसे. दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला, सगळी शस्त्रं म्यानासकट ओळीने मांडायचे. गुरव त्यांच्यावर पाण्याचा आणि दुधाचा अभिषेक करायचा, मुठींना हळदकुंकू लावायचा, वर झेंडूच्या माळा घालायचा. मग ओल्या माळांसकट शस्त्रं पुन्हा आपापल्या जागी जात.

काही वर्षांपूर्वी कौल बिरूच्या घराला लागला होता. तेव्हा बिरू तरणा होता, त्याने रीतीप्रमाणे थोरली आणली. पेरणी तोंडावर आली असताना, गाव शिवारात आणि सगुणा लोकर धुवायला ओढ्यावर गेलेली असताना, भर दुपारी लुटारू आले. बिरू तलवार घेऊन दारात उभा राहिला. समोरच्या घरातल्या म्हातारीने फटीतून पाहिलं आणि मागाहून गावाला सांगितलं की, बिरू मुठीवर हात ठेवून नुसता उभा होता. लुटारूंनी त्याच्या गुडघ्यावर लाठी घातली. तो पडला. त्यांनी कणग्या फोडल्या, बियाणं घोड्यांवर लादलं आणि ते निघून गेले. लोक धावत आले तेव्हा बिरू उंबऱ्यात पडलेला होता. थोरली त्याच्या हातात होती, आणि ती म्यानात होती.

त्या वर्षी अर्धं शिवार पडीक राहिलं. लोकांनी अंबाडी आणि रानातले कंद खाऊन दिवस काढले. भुकेल्या माणसाला राग काढायला कोणीतरी लागतं. गावाने बिरूचं नाव ‘म्यान’ ठेवलं.

“काय म्यान, घोंगडी झाली का?”

“म्यान, जरा सरक की. सावलीला आम्हालाही बसू दे.”

बिरू उठून बाजूला व्हायचा. गुडघा कायमचा आखडला होता. तो चावडीवर जायचा बंद झाला, मग देवळात जायचा बंद झाला. दिवसभर मागावर बसायचा.

सगुणा कधीतरी विचारायची, “अहो, खरं सांगा. तुम्ही ओढली होती ना तलवार?”

“मला त्या वेळचं काही आठवत नाही,” बिरू म्हणायचा. “हात गार पडला होता एवढंच आठवतं. पण तलवार बाहेर नव्हती. ओढली असती तर बाहेर आली असती. म्हणजे मी ओढलीच नाही.”

या हिशेबात सगुणाला कुठेतरी खोट वाटायची, पण ती दाखवता येत नसे.

अशी वर्षं गेली. एका साली खळी उरकली, देवीला कौल लावला, आणि कौल पुन्हा विणकराच्याच घराला लागला.

देवळासमोर कुजबुज सुरू झाली. पाटील घसा खाकरून म्हणाले, “सगुणा, कौल लागला हे खरं. पण बियाणं पुन्हा गेलं तर या गावाला इथून उठावं लागेल. यंदा पाळी पुढच्या घराला देऊ. देवीला काय, ती समजून घेईल.”

समोरच्या घरातली म्हातारी काठीवर हनुवटी टेकून बसली होती. ती म्हणाली, “पाटील, तुमच्या घराला कौल लागला तेव्हा देवी बरोबर होती ना? मग आताच कशी चुकली?”

लोक हसले. सगुणा हसली नाही. ती पुढे आली.

“बियाणं आमच्या घरी येईल,” ती म्हणाली. “आम्ही ते राखू. शस्त्र मात्र मी निवडणार.”

“त्यात निवडायचं काय?” गुरव म्हणाला. “थोरली आहे. ने.”

“नेईन. आधी उघडून दाखवा.”

गुरवाच्या हातातली पळी ताम्हणात पडली. “काय म्हणालीस?”

“गुरवबाबा, बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. कणगी घेताना आत हात घालून बघतो. सगळ्या गावाचं बियाणं ज्याच्या भरवशावर ठेवायचं ते न बघता कसं नेऊ?”

“अगं बाई, उघडलं की रक्त द्यावं लागतं!”

“कोणाचं?”

“कोणाचं म्हणजे? शत्रूचं.”

“नियमात शत्रूचं म्हटलंय?”

 गुरवाने नियम मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. “रक्त म्हटलंय,” तो हळूच म्हणाला.

“मग माझं घ्या. बोटं माझीच आहेत ना?”

“आणि मग सूत कोण काढणार?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“सूत निघेल उद्या. आज हे होऊ द्या.”

पाटलांनी गुरवाकडे पाहिलं, गुरवाने देवीकडे. देवीसमोर नियम मोडणाऱ्याला अडवता येतं. नियम पाळते म्हणणाऱ्याला कसं अडवणार? शस्त्रं बाहेर आणून देवळाच्या ओट्यावर मांडली गेली. बिरू मागच्या खांबाला टेकून उभा होता. सगुणाने त्याला हट्टाने आणलं होतं.

तिने पहिल्यांदा कट्यार उचलली. मूठ धरून ओढली. कट्यार करकरत बाहेर आली आणि ओट्यावर लाल भुगा सांडला. पातं तपकिरी पडलं होतं, त्यावर फोड आले होते. सगुणाने अंगठा धारेवर दाबून फिरवला. अंगठा कापला नाही, नुसता माखला.

“हिला रक्त द्यायचं म्हटलं तरी हिला घेता येत नाही,” म्हातारी म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. सगुणाने पदराला खोचलेलं घोंगडी शिवायचं दाभण काढलं, बोटात टोचलं आणि रक्ताचा थेंब पात्यावर टेकवला. कट्यार परत म्यानात घातली. देवी कोपली नाही. वारा होता तसाच वाहत राहिला.

मग तिने सरळ पात्याची लांब धोप ओढली. ती अर्धी आली आणि अडली. आणखी जोर लावताच कट्कन आवाज झाला. हातात अर्धं पातं आलं, अर्धं म्यानातच राहिलं. गुरवाने डोळ्यांवर उपरणं घेतलं. सगुणाने बोट पिळून दुसरा थेंब दिला.

“आता थोरली,” ती म्हणाली.

तिने म्यान काखेत दाबलं, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. तिच्या कपाळावरची शीर दिसू लागली. थोरली हलली नाही.

“बाईमाणसाच्या मनगटात जोर कुठून असणार?” पाटील म्हणाले. “आण इकडे.”

पाटलांनी ओढलं. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग दात खाऊन. शेवटी ते मिशी नीट करत म्हणाले, “जरा घट्ट बसली आहे.”

गावात एक पैलवान होता. तो मांड्यांवर हात पुसत पुढे आला. “सरका,” तो म्हणाला. पाटलांनी आणि गुरवाने म्यान धरलं, पैलवानाने मूठ धरली, आणि तिघं दोन बाजूंना ओढू लागले. पैलवानाचा चेहरा लालबुंद झाला. एकाएकी तो मागच्या मागे उताणा पडला. त्याच्या हातात चांदीची मूठ होती, नुसती मूठ. पातं म्यानातच होतं. मुठीतून निघालेला लोखंडाचा गंजका तुकडा ओट्यावर पडला आणि त्याचा भुगा झाला.

 मग एकेक मान मागे वळली. सगळे बिरूकडे बघू लागले.

बिरू कोणाकडेच बघत नव्हता. तो त्या म्यानाकडे बघत होता. त्याचा उजवा हात नकळत पुढे आला होता आणि बोटं मुठीभोवती असावीत तशी वळली होती.

म्हातारी काठी टेकत उठली. “मला त्या दिवशी लुटारूंच्या पाठीच दिसल्या होत्या,” ती मोठ्याने म्हणाली. “पाठी बघून मी त्याच्या हाताचं सांगितलं. माझ्या तोंडाला आग लागो.”

बिरू लंगडत घराकडे निघाला. लोकांनी वाट दिली. पूर्वीही देत असत, पण या वेळी बाजूला होताना त्यांनी माना खाली घातल्या होत्या.

सगुणाला त्याच्या मागे धावत जावंसं वाटलं. पण काम अर्धं राहिलं होतं. तिने ओट्यावर नजर फिरवली. गंजलेली, चिकटलेली, तुटकी शस्त्रं. मग तिचं लक्ष देवळाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक बरची उभी होती. बरची म्हणजे आखूड भाला, पूर्वी साध्या प्याद्यांच्या हातात असायचा तसा. तिला मान नव्हता, म्हणून तिच्यावर कधी अभिषेक झाला नव्हता. पात्यावर सुती कापडाची खोळ होती आणि दांड्यावर गुरवाचं धोतर वाळत घातलेलं होतं.

सगुणाने धोतर घडी करून गुरवाच्या हातात दिलं आणि खोळ काढली. पातं काळपट पडलं होतं, टोकाला थोडा तांबूसपणा होता. तिने अंगठा टेकवला मात्र, दाभणाची गरज पडली नाही. रक्त आपोआप आलं.

“ही नेते,” ती म्हणाली.

कोणी नको म्हटलं नाही.

घरी आली तेव्हा बिरू मागावर बसला होता, पण विणत नव्हता.

“म्हणजे मी ओढली होती,” तो म्हणाला.

“ओढली होती.”

“इतकी वर्षं मला वाटत होतं, मी...” तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. सगुणाने बरची भिंतीला टेकवली आणि त्याच्याजवळ बसली.  चूल त्या दिवशी उशिरा पेटली.

दुसऱ्या दिवशी बिरू स्वतः उठला आणि बरची हातात घेऊन दारात उभा राहिला. मग तलवारीएवढी एक काठी घेऊन त्याने ती डोक्यावर उगारून पाहिली. काठी चौकटीला थडकली.

“बघ,” तो म्हणाला. “थोरली बाहेर आली असती तरी या दारात फिरली नसती. मी ती घराची शोभा म्हणून आणली. घर केवढं आहे ते मी बघितलंच नाही.”

“आता बघू या,” सगुणा म्हणाली.

मग ती दोघं बघू लागली. दार ठेंगणं होतं, म्हणजे आत येणाऱ्याला वाकावं लागणार. अरुंद होतं, म्हणजे एका वेळी एकच येणार. सगुणाने आतल्या बाजूला उभं राहून बरची कमरेजवळ धरायची, टोक चौकटीच्या मधोमध. बिरूला पळता येत नव्हतं, पण बसून जोर लावता येत होता. मागावर बसून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते. तो दाराशेजारी बसायचा आणि दाराचा अडसर हातात घ्यायचा. रोज संध्याकाळचे दिवे लागण्याआधी दोघं सराव करत. पहिल्या पहिल्यांदा सगुणाचा तोल जायचा.

“अहो, हसू नका.”

“हसत नाही. पाय जरा फाकव. खळ लावताना उभी राहतेस तशी राहा.”

तसं उभं राहिल्यावर जमलं.

दर बाजाराच्या दिवशी सगुणा बरचीची खोळ काढायची, पातं पुसायची, करडईच्या तेलाचा हात फिरवायची. आणि प्रत्येक वेळी बोट टोचून एक थेंब द्यायची. एकदा गुरवालाच राहवलं नाही. “पोरी, पुसण्यासाठी उघडलं तर चालेल. मी देवीला सांगतो.”

“नको, गुरवबाबा. नियम चांगला आहे. आपणच त्याला घाबरलो होतो.”

या बोलण्याचा अर्थ गुरवाला काही दिवसांनी कळला. पैलवानाची शेळी विणकराच्या घरात शिरली आणि तिने परातीतली सगळी खळ चाटून टाकली. सगुणा चिडली, पैलवानही चिडला.

“बरची मिळाली म्हणून एवढा तोरा?” तो दारात उभा राहून ओरडला.

सगुणाची नजर बरचीकडे गेली. मग स्वतःच्या बोटाकडे गेली; बोट टोचून टोचून खरबरीत झालं होतं. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला. शेळी पळाली, मागोमाग पैलवानही पळाला, आणि म्हातारी दिवसभर हसत राहिली. जिला प्रत्येक वेळी आपलं रक्त द्यावं लागतं, ती बाई शस्त्र उगाच उघडत नाही, हे गुरवाने त्या दिवशी पाहिलं.

पावसाळा सरत आला. जमिनीत ओल होती, पेरणी तोंडावर होती, आणि लुटारू आले. आधीसारखेच भर दुपारी, गाव शिवारात असताना. त्यांना काही बदलायची गरज वाटली नव्हती.

म्हातारीने त्यांना वेशीत पाहिलं, सगुणाला हाक दिली आणि ती घंटा वाजवायला देवळाकडे निघाली. तिच्या चालीने देवळापर्यंत पोहोचायला वेळ लागणार होता. तोवर दोघांनी दार धरून ठेवायचं होतं.

सगुणाने खोळ काढून टाकली. बिरू अडसर घेऊन दाराशेजारी बसला.  सगुणाने त्याच्याकडे पाहिलं. 

“भीती वाटते?” तिने विचारलं.

“वाटते,” बिरू म्हणाला. “पण हात गार पडलेला नाही.”

टोळीचा म्होरक्या घोड्यावरून उतरला आणि दाराशी आला. आत बघून त्याला हसू फुटलं.

“अरे, हा तोच!” तो मागे वळून साथीदारांना म्हणाला. “गेल्या खेपेला मुठीला लटकून घाम गाळत होता तो. ओढतोय, ओढतोय, आणि तलवार काही बाहेर येईना! आणि आता बाईला पुढे केलंस होय रे?”

बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पाण्यात दुःख नव्हतं. जे इतकी वर्षं त्याचं त्यालाच आठवत नव्हतं, ते शत्रूने साक्षीदारासारखं सांगून टाकलं होतं.

“बाजूला हो, बाई,” म्होरक्या म्हणाला. “आम्हाला धान्याशी मतलब आहे.”

“ते धान्य नाही,” सगुणा म्हणाली. “बियाणं आहे. आत वाकून यावं लागेल. या.”

म्होरक्याने तलवार उगारली. ती चौकटीच्या वरच्या लाकडात रुतली. ती सोडवायला तो वाकून पुढे आला, आणि बरचीचं टोक त्याच्या खांद्यात शिरलं. सगुणाने ते खोल घातलं नाही. मागे ओढलं आणि पुन्हा चौकटीच्या मधोमध धरलं. म्होरक्या ओरडत मागे सरला. दुसरा एक जण खाली वाकून घुसायला गेला, त्याच्या मनगटावर बिरूचा अडसर बसला. त्याच्या हातातली लाठी घराच्या आत पडली. तिसरा पुढे झाला, त्या टोकाकडे त्याने पाहिलं, आणि दुसऱ्या कोणीतरी आधी जावं म्हणून वाट बघत थांबला.

आणि देवळातली घंटा वाजू लागली. म्हातारी दोरीला लोंबकळून घंटा वाजवत होती.

शिवारातून लोक विळे, कुऱ्हाडी, औताचे चाबूक घेऊन धावत सुटले. लुटारूंनी धुळीचा लोट पाहिला. म्होरक्याला घोड्यावर घालून ते आले त्या वाटेने निघाले. जाताना त्यांना एक दाणाही मिळाला नाही.

पैलवान सगळ्यांत आधी पोहोचला. दारात रक्त होतं, चौकटीत तलवार रुतलेली होती, आणि आत सगुणा बरची तशीच धरून उभी होती. बिरूने हळूहळू तिची बोटं दांड्यावरून सोडवली. तिने सवयीने पदराचं दाभण चाचपलं.

“आज नको,” बिरू म्हणाला. “आज तिला मिळालंय.”

सगुणा हसली आणि मग उंबऱ्यात बसून खूप रडली.

पेरणीच्या दिवशी गाव शिवारात जमलं. कणग्या फुटल्या नव्हत्या, बियाणं टपोरं होतं. पाभर म्हणजे पेरणीचं औत. तिच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, पहिली मूठ धरायचा मान पाटलांचा असतो. पाटील पाभरीजवळ गेले, थांबले, आणि गर्दीकडे वळले.

“बिरू,” त्यांनी हाक मारली. किती वर्षांनी कोणीतरी त्याला चारचौघांत त्याच्या नावाने हाक मारली होती. “पहिली मूठ तू धर.”

बिरू जागचा हलला नाही. “मला बैलांबरोबर चालता येणार नाही, पाटील. पाय आखडलेला आहे.”

“तो कशाने आखडला ते आम्हाला ठाऊक आहे,” पाटील म्हणाले.  “बैल हळू चालतील. गाव थांबेल.”

सगुणाने त्याच्या पाठीला हात लावला. बिरू पुढे गेला. त्याने बियाण्याची मूठ भरली आणि चाड्यावर धरली. बैल अगदी सावकाश चालू लागले, आणि सगळं गाव त्या लंगड्या पावलांच्या मागून, कोणी पुढे न जाता, पहिलं तास बांधाला लागेपर्यंत चालत राहिलं.

यावरून मुलांनी, आणि मोठ्यांनीही, लक्षात ठेवावं ते एवढंच.

तात्पर्य: जे शस्त्र उघडून बघायची आपल्याला भीती वाटते, ते घर राखत नाही, घरच त्याला राखत बसतं. आणि ज्याच्या हातात ते निकामी ठरलं, त्या माणसाला भित्रा म्हणण्याआधी ते एकदा आपल्या हाताने ओढून बघावं.

ही गोष्ट सांगताना मला नेहमी एक धाकधूक असे. पूजेत जपलेली तलवार खरंच इतकी गंजेल का? की ऐकणाऱ्याने मान डोलवावी म्हणून कोणीतरी हे रचलं? बऱ्याच वर्षांनी एका शस्त्रसंग्रहात जुनी हत्यारं सांभाळणाऱ्या बाईंना मी हे विचारलं. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. एका फळीवर रिकामी म्यानं होती, दुसऱ्या फळीवर उघडी पाती. चामडं ओल धरून ठेवतं, त्या म्हणाल्या. पातं फार काळ म्यानात राहिलं तर आतल्या आत गंजतं आणि चिकटून बसतं, म्हणून आम्ही दोन्ही वेगवेगळी ठेवतो.